लेखणी हेही अभियंत्याचे उपकरणच

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अवकाशयान पृथ्वीकडे परतताना भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावलासह सात अंतराळवीरांना प्राणांस मुकावे लागले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरील फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता, हे अभियंत्यांना ठाऊक होते. यान अवकाशात असतानाच त्यांनी आपले विश्लेषण वरिष्ठांपुढे मांडलेही होते. मात्र त्यातील एका महत्त्वाच्या पानाचा मथळा दिलासा देणारा होता. चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा आणि सुटलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा, ही हादरवून टाकणारी तफावत त्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दडली होती. दुर्घटनेची कारणे अनेक होती. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या सदोष मांडणीवरही नेमके बोट ठेवले.

अभियंत्याला लिहिता येणे ही केवळ शोभेची बाब नव्हे, हे याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील चित्र काय आहे? मागील वर्षीच्या वहीवरून यंदाचे जर्नल उतरवले जाते. प्रकल्प अहवाल शेवटच्या आठवड्यात जुळवला जातो, सोनेरी अक्षरांच्या बांधणीत सादर होतो आणि कपाटात विसावतो. संवादकौशल्याचा एखादा विषय आरंभीच्या वर्षी उरकला की कर्तव्य संपले! आता तर यंत्राकडून क्षणात सफाईदार परिच्छेद लिहून घेता येतात. पण मोजमाप कोणी केले, त्यातील त्रुटी कोणती आणि निष्कर्षाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे यंत्र देणार नाही. ती स्वाक्षरी करणाऱ्यालाच द्यावी लागतील.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून साजरा करतो. १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी पूरनियंत्रणाची योजना अहवालरूपाने मांडली. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. धरण आधी कागदावर बांधले जाते, मग नदीवर!

हे कौशल्य शिकवता येते. मुख्य निष्कर्ष आरंभी लिहावा. प्रत्येक आकड्यासोबत त्याचे एकक असावे. प्रत्यक्ष पाहिलेले आणि अनुमानाने काढलेले वेगळे ठेवावे. आपल्या चाचणीची मर्यादा लपवू नये. हे भाषेच्या प्राध्यापकावर सोपवून भागणार नाही. प्रयोगशाळेतील शिक्षकाने मसुदा तपासावा, परत करावा आणि पुन्हा लिहवून घ्यावा. गुण शेवटच्या प्रतीला नव्हे, तर सुधारणेलाही मिळावेत.

यात मातृभाषेचे स्थानही मोठे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ पासून मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट खुली झाली. ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेत त्याने पहिला मसुदा लिहिला तर त्याचा विचार सुस्पष्ट होईल. इंग्रजीतील अहवालही मग उसना वाटणार नाही. इंग्रजीला विरोध नको, पण न समजता केलेल्या नकलेला मात्र हवाच.

घरात अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल, तर पालकांनी त्याला एकदा विचारावे : तुझा प्रकल्प मला एका पानात लिहून देशील? त्या पानावरून त्याच्या गुणपत्रिकेपेक्षा अधिक कळेल. उद्या त्याच्या अहवालावर विसंबून लोक पुलावरून जाणार आहेत.