वावडी, विज्ञानकथा आणि आम्ही मास्तर

खडकीत राहणाऱ्याला आवाजांची सवय असते. दारूगोळ्याचा कारखाना इथे १८६९पासून आहे, स्फोटकांचा आहे, लष्कराच्या नाना संस्था आहेत. त्यामुळे भरदुपारी कुठे धडाम् झाले तरी बाजारातला भाजीवाला तराजूवरची नजर काढत नाही. मात्र आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा असला, की हातातला चहा संपायच्या आत त्याच्या तीन तरी कथा तयार झालेल्या असतात. एकीत भिंत पडलेली असते, दुसरीत माणसे दगावलेली असतात आणि तिसरी सांगणाऱ्याचा मेहुणा नेमका तिथेच कामाला असतो. आम्ही दोघे गेली कित्येक वर्षे या परिसरात मराठी शिकवतो आणि तिसऱ्या कथेचे कौतुक आम्हांस नेहमीच वाटत आले आहे. ज्याला कथनशास्त्रात विश्वसनीय निवेदक म्हणतात तो हाच मेहुणा.

हे कौतुक अलीकडे ओसरले आहे, त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले. आयुका ही त्यांनी उभी केलेली संस्था आमच्यापासून फार दूर नाही. गणेशखिंडीच्या चढावरून जाताना तिची आठवण होतेच. त्या दिवशी आमच्या ओळखीच्या अध्यापकमंडळींनी एकमेकांना मोबाइलवरून शोकसंदेश धाडले. त्यांत १९७४च्या त्या प्रसिद्ध हकिकतीची उजळणी होती: मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून लिहून घेतली आणि पहिला क्रमांक मिळवला. हकिकत खरी आहे आणि गोडही. पण ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती पाठवली त्यांनीच रात्री जेवणानंतर आणखी एक निरोप पाठवला: राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ते पाऱ्यावर चालत होते, पाहायला सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर होते, पुढे इंग्रजांनी सारे दडपले.

तळपदे नावाचे गृहस्थ मुंबईत होऊन गेले आणि विमानाचा ध्यास त्यांना होता, याविषयी वाद नाही. वाद आहे तो उड्डाणाविषयी. 'केसरी'ने बातमी छापली होती असे हटकून सांगितले जाते. सांगणारे त्या अंकाची तारीख देत नाहीत. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्याची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ज्या वर्षी 'कृष्णविवर'ला बक्षीस मिळाले त्याच वर्षी ही वावडी जमिनीवर यायला हवी होती. ती आली नाही. जानेवारी २०१५मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस 'हवाईजादा' हा चित्रपट आला. (वावडी म्हणजे मुळात मोठा पतंग. तो उडायला पारा लागत नाही, वारा पुरतो.)

आमचे दुखणे त्या निरोपाने सुरू झाले नाही. आधी एका विद्यार्थ्याने 'मराठीतील विज्ञानसाहित्य' या प्रश्नाच्या उत्तरात तळपद्यांचे उड्डाण ऐतिहासिक घटना म्हणून लिहिले होते. आम्ही त्याचे गुण कापले. प्रकरण वर गेले आणि आम्हांस सांगण्यात आले, की मुलगा चांगला आहे, मराठी माणसाचा अभिमान बाळगतो आहे, गुण देऊन टाका. त्यात काय बिघडते? आम्ही गुण दिले. हे कबूल करताना लाज वाटते, पण दिले.

काय बिघडते, याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध प्यायला तेव्हा आम्ही शाळेत होतो. आम्हां दोघांपैकी एकाने वाटीत दूध घेऊन देवळाबाहेर रांग धरली होती आणि चमचा सोंडेला लावल्यावर दूध ओसरलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पृष्ठताण वगैरे नंतर कळले. त्या दिवशी कोणाचे काही गेले नाही. दुधाचे भाव तेवढे चढले. अफवा ही निरुपद्रवी करमणूक आहे असा समज आमच्या पिढीत ज्या अनुभवांनी रुजवला त्यांतला हा एक.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसांना ठेचून मारण्यात आले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षुकीसाठी फिरणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, हा निरोप कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होता. तो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने मनाशी हेच म्हटले असणार: खरे असेल तर कोणाचे मूल वाचेल, खोटे असेल तर काय बिघडते? तळपद्यांचे विमान आणि ही टोळी यांत अंतर आहे, हे आम्हांस समजते. एकाने अभिमान फुलतो, दुसरीने माणूस मरतो. पण दोन्ही ठिकाणी गिळण्याची क्रिया एकच आहे, आणि त्या क्रियेचा सराव आपण वर्गात करून घेतो आहोत.

साहित्याच्या अध्यापकाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, किंबहुना आमचाच आहे. कथा आणि कंडी ही एकाच घरातली भावंडे आहेत. दोघी न घडलेले सांगतात. फरक एका शब्दाचा: कथा 'समजा' म्हणते आणि कंडी तो शब्द गिळून टाकते. हा शब्द सर्वांत उघडपणे उच्चारणारा साहित्यप्रकार म्हणजे विज्ञानकथा, आणि आपल्या मराठी विभागांनी तो कसा वागवला, ते पाहावे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, तो बालसाहित्याच्या कप्प्यात गेला. नारायण धारप रहस्य-भयाच्या कप्प्यात गेले. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांच्यासाठी 'विज्ञानप्रसार' नावाचा एक सरकारी वास येणारा कप्पा तयार झाला. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाइन' ही कथा जेम्स गन यांनी आपल्या जागतिक विज्ञानकथांच्या संकलनात घेतली. आमच्या किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? नारळीकरांना २०२१च्या नाशिक साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद दिले, ते योग्यच केले. पण त्या निमित्ताने झालेल्या भाषणांत त्यांच्या विज्ञानाविषयी जितके बोलले गेले, त्याच्या शतांशाने कथांच्या घडणीविषयी नाही. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे साधन म्हणून आपण कथा लिहितो, असे नारळीकर स्वतः मानत. त्यांच्याविषयीचा आदर राखून म्हणतो, की लेखक आपल्या कथेचा सर्वांत चांगला वाचक असतोच असे नाही.

विज्ञानकथेचे भक्तही या पापातून सुटत नाहीत. त्यांच्याशी आमचा स्नेह आहे, म्हणून जरा रागाने लिहितो. या मंडळींना कथेत काय आवडते? तर 'भाकीत खरे ठरले' हे. व्हर्नने पाणबुडी आधीच सांगितली होती, क्लार्कने उपग्रह सांगितले होते! २०२० साली करोनाकाळात डीन कूंट्झच्या 'द आइज ऑफ डार्कनेस' या १९८१च्या कादंबरीतले एक पान घरोघर फिरले. त्यात वुहानमधला विषाणू होता. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी ते सर्वांत उत्साहाने फिरवले. मूळ आवृत्तीत तो विषाणू रशियन गावाच्या नावाचा, 'गोर्की-४००' होता, १९८९च्या आवृत्तीत तो वुहानचा झाला आणि कादंबरीत तो ज्यांना होतो ते जवळजवळ सगळेच मरतात, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. कथाकाराला ज्योतिषी करून टाकणे ही त्याची स्तुती नव्हे. ज्या नारळीकरांनी २००८ साली दोनशे कुंडल्या जमवून सत्तावीस ज्योतिष्यांची परीक्षा घेतली आणि त्यांचे यश नाणेफेकीहूनही कमी, सुमारे ४६ टक्के, भरल्याचे दाखवून दिले, त्यांच्याच कथा भाकितांच्या तागडीत घालून तोलायच्या, हा विनोद त्यांनाही फारसा रुचला नसता.

आणि ३० ऑक्टोबर १९३८चे ते रेडिओनाट्य! ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांची स्वारी ऐकवली आणि सारी अमेरिका रस्त्यावर पळत सुटली, हे आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगितले. पुढील काळातल्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की त्या रात्री तो कार्यक्रम ऐकणारेच थोडे होते. त्यांच्याहून कितीतरी जास्त लोक दुसऱ्या केंद्रावर विनोदी कार्यक्रम ऐकत होते. घबराट काही ठिकाणी झाली, पण तिला राष्ट्रव्यापी केले ते वर्तमानपत्रांनी. म्हणजे लोक अफवेला कसे भुलतात याचे जगप्रसिद्ध उदाहरण हीच एक अफवा निघाली, आणि ती पसरवणाऱ्यांत आम्ही होतो.

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१ला विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले. महाराष्ट्राला ते सोसवेना, म्हणून भाऊ जिवंत आहेत ही आवई उठली. मग तिला शरीर मिळाले, तोतया प्रकटला, फौज जमली, किल्ले गेले आणि १७७६ साली देहदंडाने ते प्रकरण संपले. त्याच जखमेतून दोनशे वर्षांनी एक कथा निघाली: नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. विश्वासरावांना लागलेली गोळी समजा कानाजवळून निघून गेली असती, तर? पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघाताने त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन येतात. परत आल्यावर त्यांना काय विचारले जाते? पुरावा. आणि पंत रागावत नाहीत, अभिमान दुखावला म्हणून ओरडत नाहीत. खिशातून बखरीचे फाटके पान काढून दाखवतात. मराठी मनाची तीच इच्छा, तोच शोक. पण इथे 'समजा' शाबूत आहे, आणि कल्पनेच्या राज्यातही साक्षीपुराव्याची रीत पाळली जाते. तोतयाला पाहून ज्यांनी हेच भाऊ म्हणून साक्षी दिल्या, त्यांच्याशेजारी हे पान ठेवून पाहावे.

ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात 'द ॲडव्हेंचर' या नावाने घेतली गेली. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांनी ती तिथे, इंग्रजीत, प्रथम वाचलेली असते. ती मूळ मराठीची आहे हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहून आम्हांस खाली बघावे लागते.

तोतयाचे प्रकरण आणि ही कथा शेजारी शेजारी शिकवावीत, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. विज्ञानकथेसाठी वेगळा कोपरा नको, प्रसाराचा सुविचार नको. कथा म्हणून, निवेदन म्हणून, 'समजा'चे व्याकरण म्हणून ती शिकवावी, एवढेच मागणे आहे. उत्तर तोंडी आले: मुलांना झेपेल का?

ज्याचे गुण आम्ही कापून परत दिले, तो मुलगा मध्यंतरी घरी आला होता. गुण परत मिळाल्याचा आनंद त्याला झालेला दिसला नाही. "सर, तुम्ही कापले होते ते बरोबर होते की दिले ते?" असे त्याने सरळ विचारले. आम्ही कापले ते, असे सांगितले. मग त्याने 'केसरी'चे १८९५चे अंक कुठे पाहायला मिळतील ते विचारून घेतले. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो लोकलने शिवाजीनगरला उतरतो आणि ग्रंथालयात जाऊन बसतो. जुन्या मुद्रणाची अक्षरे वाचायला वेळ लागतो, शिवाय मधल्या जाहिराती त्याला सोडवत नाहीत. परवा भेटला तेव्हा मार्च महिना चालू होता.