गोल्फच्या दांड्याची परीक्षा

गोल्फच्या काठीच्या दांड्यावर कारखानदार एक इंग्रजी अक्षर छापतो. आर म्हणजे साधारण, एस म्हणजे ताठ, एक्स म्हणजे अतिताठ. त्यांच्या खालीं वृद्धांसाठीं ए व स्त्रियांसाठीं एल. विकत घेणारा हें अक्षर पाहून दाम मोजतो. आणि तरुण असला तर आपल्या मनगटास पेलेल त्याहून एक पायरी ताठ दांडा घेण्याचा मोह त्यास होतो, कारण आर हें अक्षर मित्रमंडळींत मिरविण्यासारखें नाहीं! दुकानांतील वजनमापांवर सरकारी शिक्का असतो. या अक्षरांस मात्र सर्वमान्य असें प्रमाणच नाहीं. एका कारखान्याचा आर दुसऱ्याच्या एसइतका ताठ असूं शकतो, आणि त्यांत कोणीही खोटें बोललेला नसतो. म्हणून हौसेनें घरीं काठ्या जोडणारानें दांडा स्वतः मोजल्यावांचून वापरूं नये, असें आमचें मत आहे.

हिकरीच्या लांकडाचे दांडे होते तेव्हां हा प्रश्न या रूपानें उद्भवत नव्हता. लांकडाचे दोन तुकडे सारखे नसतातच; म्हणून स्कॉटलंडमधील कारागीर दांडा तासून, वांकवून, पुनः तासून हातानेंच जुळवीत असे. पुढें पोलादी दांड्यांस अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनें १९२४ सालीं व सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेनें १९२९ सालीं मान्यता दिली. कारखान्यांतून नळ्या बाहेर पडूं लागल्या, आणि कारागिराच्या हाताची जागा हळूहळू अक्षरानें घेतली.

मोजण्याची सोपी रीत अशी. मुठीकडील टोंक मजबूत फळीवर घट्ट आवळावें, दुसऱ्या टोंकास ठराविक वजन टांगावें व तें किती खालीं आलें तें पट्टीवर वाचावें. दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. टोंकास काठीच्या शिराएवढें, सुमारें २०० ग्रॅम, वजन लावून दांडा छेडावा व मिनिटास होणारीं कंपनें यंत्रानें मोजावीं. प्रयोगशाळेंत मेजाच्या कडेस लोखंडी पट्टी दाबून ती छेडणाऱ्या विद्यार्थ्यास यांत नवें कांहीं नाहीं. ताठ पट्टी जलद थरथरते, मऊ पट्टी सावकाश. अमेरिकेंत जोसेफ ब्रेली यांनीं १९७० नंतरच्या दशकांत याच तत्त्वावर काठ्यांचा सबंध संच जुळविण्याची पद्धत पुढें आणली.

परंतु आंकडा हातीं आला कीं सत्य हातीं आलें, असें मानणारांशींही आमचा वाद आहे. दांड्याचा वांक लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. पकडीबाहेर ४० इंच असलेला दांडा ३९ इंच ठेवला, तर एकसारख्या जाडीच्या नळीचा वांक ७ टक्क्यांहून अधिक घटतो, व २५० कंपनांच्या जागीं सुमारें २६० भरतात. (खरा दांडा मुठीकडे जाड असतो, म्हणून फरक थोडा कमी पडतो, इतकेंच.) एका इंचाच्या हयगयीनें दांड्याचें जणूं अक्षरच बदललें! यास्तव दुसऱ्याच्या पकडींतला आंकडा आपल्या आंकड्याशीं ताडून पाहणें आम्ही वर्ज्य मानतों.

शिवाय सारख्या आंकड्याचे दोन दांडे हातांत निराळे लागतात. कंपनसंख्येवर मुठीकडील भागाचा पगडा अधिक. शिराजवळचा अरुंद भाग मऊ कीं ताठ, हें तींत झांकून राहतें. म्हणून दांडा पकडींत सरकवून, उघडा भाग आंखूड करीत तीनचार ठिकाणीं माप घ्यावें; तसेंच दांडा स्वतःभोंवती फिरवून पुनः पाहावें. कोणत्याही बाजूस वळविला तरी वांक सारखाच पडावा अशी दांड्याची घडण असावी, हें तर खेळाच्या नियमांतच आहे.

जुने खेळाडू म्हणतात, हात हेंच खरें यंत्र. निवड करतांना तें आम्हांस मान्य आहे. पण थकलेला हात संध्याकाळीं त्याच दांड्यास सकाळहून ताठ म्हणतो, आणि गेल्या वर्षींचा दांडा तर त्यास आठवतही नाहीं. आमच्या वहींत प्रत्येक दांड्यापुढें चारच गोष्टी असतात : पकडीची लांबी, उघडी लांबी, टोंकाचें वजन व कंपनें. कारखानदारांनीं अक्षराशेजारीं एवढें छापण्यास फारशी शाई लागणार नाहीं.