रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतेच! फायब्रोमायल्जियाचे निदान गावातच का व्हायला हवे?

सोयाबीनची काढणी, पाठोपाठ कापसाची वेचणी आणि घरचे धुणे-पाणी. जिंतूर तालुक्यातील चारठाणा परिसरात अंगदुखीला कोणी आजार म्हणत नाही. तीन-तीन महिने सगळे अंग ठणकत राहिले, रात्रभर झोपूनही सकाळी गळून गेल्यासारखे वाटले, तरी 'कामाने दुखतंय' किंवा 'वात आहे' म्हणून विषय संपतो. मग एक इंजेक्शन, एक सलाईन, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुढे जिंतूर, परभणी, अगदी छत्रपती संभाजीनगरपर्यंत फेऱ्या होतात. एक्स-रे, रक्ततपासणी, कधी एमआरआय. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि खरी अडचण इथेच सुरू होते. 'काहीच निघालं नाही' याचा अर्थ घरात 'नाटक आहे' असा लावला जातो. असे ऐकून घेणाऱ्यांत बायकाच जास्त असतात.

आजार आहे तरी काय?

फायब्रोमायल्जियात सांधे झिजत नाहीत, स्नायूही खराब होत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात. साध्या दाबाचीही कळ येते. सोबत थकवा, न लागणारी किंवा लागूनही ताजेतवाने न करणारी झोप, विसरभोळेपणा, डोकेदुखी, पोटात कळा अशा तक्रारी असतात. हा दोष एक्स-रेत किंवा रक्तात दिसत नाही. म्हणजे दुखणे खोटे आहे असे नाही, तर ते मोजण्याचे साधन वेगळे आहे.

निदान होते कसे?

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९० मध्ये ठरवलेल्या निकषांत शरीरावरील १८ ठिकाणे दाबून पाहत. त्यातील किमान ११ दुखली पाहिजेत, अशी अट होती. २०१० मध्ये हे बदलले आणि रुग्णाच्या सांगण्याला महत्त्व आले. २०१६ मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली.

आता शरीराच्या १९ भागांपैकी गेल्या आठवड्यात किती दुखले, ते मोजतात. थकवा, झोप आणि विसरभोळेपणा यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी, पोटदुखी आणि उदासी यांना प्रत्येकी एक, असे १२ पैकी गुण देतात. सात किंवा अधिक भाग दुखत असतील आणि लक्षणांचे गुण किमान ५ असतील, किंवा चार ते सहा भाग दुखत असून गुण किमान ९ असतील, दुखणे शरीराच्या पाचपैकी चार विभागांत पसरलेले असेल आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असेल, तर निदान करता येते. दुसरा आजार सोबत असला तरी हे निदान लागू पडते.

यासाठी महागडे मशीन लागत नाही. लागतो तो कागद, पेन आणि दहा-पंधरा मिनिटे ऐकून घेणारा माणूस.

मग रक्त तपासायचे कशाला?

अशीच लक्षणे देणारे दुसरे आजार सुटू नयेत म्हणून. पंडुरोग, थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, संधिवात, चिकनगुनियानंतरची सांधेदुखी यांतही अंग दुखते आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. सांध्याला सूज, ताप, वजन घटणे, हातापायातली ताकद जाणे यांपैकी काही असेल तर फायब्रोमायल्जियाचे लेबल लावून मोकळे होणे धोक्याचे आहे. पण मोजक्या तपासण्यांनंतर त्याच त्या चाचण्या पुन्हा करत राहणे म्हणजे रुग्णाच्या खिशाला कात्री.

भिगवणने काय दाखवले?

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा पाठीचे दुखणे होते. सगळ्यांना भीती वाटते तो आमवात जेमतेम अर्धा टक्का निघाला. गावातल्याच माणसांना शिकवून प्रश्नावली भरून घेता येते, हेही त्यातून दिसले.

न झालेल्या निदानाची किंमत

निदान लांबले की वेदनाशामक गोळ्या वाढतात. फायब्रोमायल्जियात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. उलट पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो. स्टेरॉइडही कामाचे नाही. युरोपीय तज्ज्ञांनी २०१६ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत सर्वात ठाम पाठिंबा मिळाला तो हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाला. गरजेनुसार डॉक्टर अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रेगाबालिन यांसारखी औषधे देतात. आजार मुळापासून जात नसला तरी जगणे सुसह्य होते.

शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला 'व्यायाम करा' सांगणे थट्टेसारखे वाटेल. म्हणूनच वाकून केलेले काम आणि अंग मोकळे करणारा व्यायाम यातला फरक, कामात मधेमधे विसावा आणि झोपेची वेळ हे डॉक्टरांनी तिला आणि घरच्यांनाही समजावून सांगायला हवे.

काय करता येईल?

सरकारी दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरेच. पण प्रश्नावली डॉक्टरांनीच भरावी असे कुठे आहे? ती सोप्या मराठीत छापून आशाताई किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच भरून घेतली, तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. शंका असेल तिथे ई-संजीवनीवरून सल्ला घेता येईल. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तिथे अशा रुग्णांसाठी आठवड्यातून एक ओपीडी ठेवणे अवघड नाही.

रुग्णानेही दवाखान्यात जाताना कुठे दुखते, किती महिन्यांपासून, झोप कशी, कोणत्या गोळ्या घेतल्या हे लिहून न्यावे. जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत आणि 'हे फायब्रोमायल्जिया असू शकते का?' असे सरळ विचारावे.

दुखण्याला नाव मिळाले की घरातला 'नाटक' हा शब्द बंद होतो आणि योग्य उपचार सुरू होतात. त्यासाठी परभणी-संभाजीनगरच्या फेऱ्या मारत वर्षे घालवण्याची वेळ चारठाण्याच्या बाईवर येता कामा नये.