काटकसर कुठे करू नये

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लिहायचे ते लसीकरण, आहार, नाही तर परीक्षेचा ताण यांवर, असा एक संकेतच होऊन बसला आहे. संपादकांनी यंदा तो मोडण्याची मुभा दिली, म्हणून माझ्या रविवारच्या छंदाविषयी लिहितो. बडोद्याबाहेरच्या एका माळावर आम्ही काही मंडळी सकाळी रेडिओ-नियंत्रित विमाने उडवतो. ही वार्ता दवाखान्यात पोहोचल्यापासून मुलाच्या तापाची चौकशी संपली की एखादे वडील हळूच विचारतात, “डॉक्टर, आमच्या चिरंजीवांना कसरतीचे विमान हवे आहे. सर्व्हो स्वस्तातले चालतील ना?” माझे उत्तर ठरलेले आहे: विमान लहान घ्या, पण सर्व्हो चांगलेच घ्या.

सर्व्हो म्हणजे या विमानाचा स्नायू. छोट्याशा डबीत एक मोटर, दंतचक्रांची माळ, भुजा कोठे आहे हे कळवणारा पोटेन्शिओमीटर आणि या सर्वांवर हुकूम चालवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. रिसीव्हरकडून दीड मिलिसेकंदाचा स्पंद आला की भुजा मध्यावर राहते. स्पंद लांबला वा आखडला की ती एकीकडे वा दुसरीकडे वळते. ही भुजा एलिव्हेटर, रडर किंवा एलेरॉन हलवते. ती थांबली, तर वर विमान आणि खाली हातात रिमोट असूनही वैमानिक केवळ प्रेक्षक उरतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. 2017 च्या हिवाळ्यात मी सव्वा मीटर पंखांचे, सव्वा किलो वजनाचे एक कसरतीचे विमान बांधले. एलिव्हेटरला एक स्वस्त सर्व्हो लावला. पाकिटावरचा टॉर्कचा आकडा महाग सर्व्होइतकाच होता आणि किंमत एक-तृतीयांश. सूर मारून विमान वर उचलू लागलो आणि ते उचललेच नाही. स्कूटरला टेकून उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या एका मुलापासून आठ-दहा पावलांवर ते जमिनीत घुसले. तो माझाच रुग्ण. “डॉक्टरकाका, परत करून दाखवा ना!” असे तो हसत म्हणाला. मला मात्र हातातला रिमोट खाली ठेवणेही सुचेना.

घरी सर्व्हो उघडला. नायलॉनच्या चक्राचे दात झडले होते. पण सगळा दोष त्या डबीवर टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एलिव्हेटर भरपूर वळावा म्हणून मी भुजेचे बाहेरचे छिद्र वापरले होते. भुजेची लांबी दुप्पट केली की पृष्ठभागावरचा तोच भार दंतचक्रांना दुप्पट जाणवतो. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो. शिकाऊ विमानात निभावून गेलेला सर्व्हो सूर मारताना का हरतो, याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे. मूल म्हणजे प्रौढाची छोटी आवृत्ती नव्हे, हे विद्यार्थ्यांना शिकवणारा मी, कसरतीचे विमान म्हणजे चपळ शिकाऊ विमान नव्हे, हे मात्र विसरलो होतो.

तेव्हापासून मी निवड कामानुसार करतो. एलिव्हेटरसाठी पहिला गुण अचूकतेचा: भुजा दर वेळी त्याच मध्यावर परतली पाहिजे. एलेरॉनला वेग हवा आणि ढिलेपणा जवळजवळ नको, कारण ढिल्या पृष्ठभागाला वेगात कंप सुटला तर तो पंख फाडू शकतो. विमान कुशीवर धरून उडवायचे तर रडरला ताकद लागते. पेट्रोल इंजिनाच्या थ्रॉटलला मात्र साधा सर्व्हो पुरतो. काटकसर करायचीच तर तेथे करावी. टॉर्कचा आकडा वाचताना तो किती व्होल्टवरचा आहे, हे पाहावे. सहा व्होल्टपर्यंतच्या सर्व्होला दोन सेलच्या लिथियम बॅटरीचे पूर्ण चार्जचे 8.4 व्होल्ट दिले, तर तो जळू शकतो. उलट, चार डिजिटल सर्व्हो एकदम जोर लावू लागले आणि वीज पुरवणारा बीईसी तोकडा पडला, तर व्होल्टेज कोसळून रिसीव्हरच क्षणभर मूर्च्छित होतो.

विमानात बसवण्यापूर्वी मी प्रत्येक सर्व्हो तपासतो, अगदी नवजात बालकासारखा. भुजा बोटाने हलवून ढिलेपणा पाहतो. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा मध्यावर आणून ती त्याच रेषेवर थांबते का, हे पाहतो. काही मिनिटे चालवून हाताला चटका बसण्याइतका तापत नाही ना, हे चाचपतो. यात जो नापास होतो तो विमानात जात नाही, मग त्याची किंमत काहीही असो.

“डॉक्टरांना परवडते, म्हणून ते असे बोलतात,” हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण अंथरूण पाहून पाय पसरायचे तर पाय आखडावेत, अंथरुणाचे टाके उसवू नयेत. दोन मीटरच्या विमानात दुबळे सर्व्हो कोंबण्यापेक्षा एक मीटरचे विमान चांगल्या सर्व्होंवर उडवावे. रंग साधा ठेवावा, चाकांवरची शोभेची टोपणे गाळावीत. कमी पडला तर तिथे फक्त दिमाख कमी पडतो. सर्व्हो कमी पडला, तर त्याची किंमत खाली उभा असलेला कोणीतरी मोजतो, आणि तो बहुधा लहान मूल असतो. विमान पाहायला सर्वांत पुढे तेच धावते.

तो मुलगा आता अभियांत्रिकीला आहे आणि स्वतः विमाने बांधतो. मागच्या महिन्यात नवे विमान दाखवायला आला, तेव्हा मी आधी एलिव्हेटर बोटाने हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही. मग मी विमानाकडे पाहिले.