कपाटाची किल्ली

का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909 साली दिवाळी अंकांची प्रथा पाडली. मुलं वाचत नाहीत ही तक्रार त्या प्रथेहून फारशी तरुण नसावी. दरवर्षी 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ती भाषणांतून नव्याने ऐकू येते आणि तिच्यावर उतारा म्हणून पुन्हा उपदेशच दिला जातो. आमच्या मते उपदेशाने वाचनाची गोडी लागत नाही. हाताशी भरपूर पुस्तकं असावी लागतात, आणि त्यांतलं कोणतं घ्यायचं हे मुलानेच ठरवावं लागतं. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांनाही दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. ज्याला एक ओळ पार करताना धाप लागते, त्याला गोष्टीतली गंमत कुठून कळणार? ही धाप जाते ती सोपं आणि पुष्कळ वाचून. पाठ्यपुस्तक तिथे पुरं पडत नाही. वर्षभर तेच धडे, आणि प्रत्येकाच्या शेपटीला स्वाध्याय. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची किमया इथेच आहे. फुरसुंगीचा हा पोरगा एका पुस्तकात ओळखीचा झाला, की पुढच्या पुस्तकात त्याच्या तऱ्हा, त्याचे सवंगडी, त्याचं 'ट्टॉक्' नव्याने समजून घ्यावं लागत नाही, त्यामुळे वाचनाला वेग येतो. मालिकेतलं दहावं पुस्तक मागणाऱ्या मुलाचा शेकडो पानांचा सराव नकळत झालेला असतो.

निवड मुलांवर सोडली तर ती उथळ काहीतरी उचलतील, असं म्हटलं जातं. उचलतील, मान्य. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवरही नाकं मुरडली गेलीच होती. पण दहा पुस्तकं चाळून त्यांतली पाच टाकून दिल्याशिवाय डावं-उजवं करायला कोण शिकलं आहे? दुसरा आक्षेप मोबाइलचा. तो खराच आहे. मात्र मोबाइल उशाशी आणि पुस्तक कुलपात, अशी ही झुंज लावलेली आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असं सांगितलं. कित्येक शाळांत पुस्तकं आली आणि कपाटात गेली, कारण एखादी प्रत हरवली किंवा फाटली तर भुर्दंड आपल्या माथी बसेल, ही शिक्षकांची धास्ती. त्यांना बोल लावणं सोपं आहे. पण दाखल नोंदवहीतल्या प्रत्येक प्रतीचा हिशेब ज्याला द्यायचा, त्याने ती तिसरीतल्या पोराच्या दप्तरात कोणत्या भरवशावर टाकावी? म्हणून दरसाल काही प्रती झिजणार, हरवणार हे गृहीत धरून, चौकशीचं लचांड न लावता त्या निर्लेखित करण्याची मुभा मुख्याध्यापकांना मिळायला हवी. आणि पालकांनी यंदा अंकांच्या स्टॉलवर मुलाने उचललेला अंक, कपाळावर आठी पडली तरी, मुकाट्याने पिशवीत टाकावा. पैसे कमी पडले तर आमचा तिथेच ठेवावा.