मान्यतेची ढाल आणि रुग्णाचा दावा

छातीत होणारी जळजळ घराघरांत ‘पित्त’ म्हणून ओळखली जाते आणि बहुतेक वेळा औषधाच्या गोळीवर तिचा निकाल लागतो. मात्र ज्यांच्या अन्ननलिकेच्या तळाशी असलेले स्नायूंचे कडे सैल पडलेले असते, त्यांच्या जठरातील आम्ल वारंवार वर चढत राहते आणि गोळ्यांचे सत्र वर्षानुवर्षे संपत नाही. अशा रुग्णांसाठी मिनेसोटा राज्यातील टोरॅक्स मेडिकल या कंपनीने ‘लिंक्स’ नावाचे उपकरण तयार केले आणि मार्च २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे ‘एफडीए’ने, त्याला मान्यता दिली. पुढे २०१७ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील एथिकॉन कंपनीने टोरॅक्स विकत घेतली. हे उपकरण बसविल्यानंतर इजा झालेल्या रुग्णाला अमेरिकेत भरपाईचा दावा लावायचा झाला, तर त्याच्यासमोर पहिला अडथळा येतो तो या मान्यतेचाच.

लिंक्सची रचना वरकरणी साधी आहे. चुंबकाचा गाभा असलेले टायटॅनियमचे मणी बारीक तारांनी एकमेकांना जोडून त्यांचे कडे केले जाते आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती बसविले जाते. घास उतरताना मणी एकमेकांपासून दूर सरकतात आणि घास गेल्यावर चुंबकीय ओढीने पुन्हा जवळ येऊन वाट बंद करतात. मान्यतेचा आधार ठरलेल्या चाचणीत १०० रुग्ण होते. त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांमध्ये आम्लाचे प्रमाण वर्षभरात ठरलेल्या निकषाइतके घटले आणि ९३ टक्के रुग्णांचे औषध निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ६८ टक्के रुग्णांना गिळताना त्रास झाला. तीन वर्षांनी हे प्रमाण ४ टक्क्यांवर आले. सहा जणांच्या शरीरातून मात्र उपकरण काढावे लागले. पुढे ९,४५३ उपकरणांच्या आढाव्यात २९ रुग्णांमध्ये मणी अन्ननलिकेची भिंत झिजवून आत शिरल्याचे आढळले. आकडा लहान आहे हे खरे. परंतु त्या २९ जणांना आणखी एका उपचाराला सामोरे जावे लागले.

अन्ननलिकेच्या या भागात कायमची वस्तू बसविण्याचे प्रयत्न यापूर्वीही फसले आहेत. १९७९ च्या सुमारास ‘अँजेल्चिक’ नावाचे सिलिकोनचे कडे बाजारात आले. हजारो रुग्णांना ते बसविण्यात आले. ते जागेवरून सरकणे, गिळता न येणे, अवयवाच्या भिंतीत घुसणे अशा तक्रारी वाढत गेल्या आणि त्याचा वापर मागे पडला. २००३ मध्ये बोस्टन सायंटिफिकच्या ‘एंटेरिक्स’ला मान्यता मिळाली. यात एक द्रवरूप बहुवारिक सुईने स्नायूत सोडले जाई आणि तेथे ते घट्ट होई. काही रुग्णांमध्ये सुई अन्ननलिकेची भिंत ओलांडून गेली, गंभीर इजा झाल्या, मृत्यूही ओढवला. २००५ मध्ये कंपनीने हे उत्पादन परत मागविले. लिंक्सची तुलना एंटेरिक्सशी करणे अन्यायाचे होईल. मात्र मान्यता हा शेवटचा शब्द नसतो, एवढा बोध त्या अडीच वर्षांतून नक्कीच मिळतो.

न्यायालयात मात्र हाच शब्द जवळजवळ शेवटचा ठरतो. ‘डाल्कन शील्ड’ या गर्भनिरोधक साधनाने असंख्य स्त्रियांना इजा केल्यानंतर अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. संघराज्याच्या नियमांहून वेगळ्या किंवा अधिकच्या अटी राज्यांनी उपकरणांवर लादू नयेत, असे एक कलम त्यात होते. ‘रिगेल विरुद्ध मेडट्रॉनिक’ या खटल्यात २० फेब्रुवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने या कलमाचा अर्थ लावला. बाजारात येण्यापूर्वीची सविस्तर मान्यता ज्या उपकरणाला मिळालेली असते, त्याच्या रचनेतील दोष किंवा अपुरी सूचना यांवरून राज्याच्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, असा तो निकाल होता. ज्युरीने भरपाई देणे म्हणजे राज्याने वेगळी अट घालणेच होय, ही त्यामागील भूमिका.

निकालपत्र लिहिणारे न्या. अँटोनिन स्कालिया यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्युरीसमोर इजा झालेला एक रुग्ण असतो. ज्यांना फायदा झाला ते न्यायालयात येत नाहीत. लाभ आणि धोका यांचा तोल तज्ज्ञांनी एकदा साधल्यावर प्रत्येक खटल्यात तो नव्याने मोडला जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. ग्राहकांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने त्यांचा दाद मागण्याचा जुना हक्क काढून घ्यावा, असा काँग्रेसचा हेतू असूच शकत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हा निकाल निष्प्रभ करण्यासाठी २००९ मध्ये काँग्रेसमध्ये विधेयक आले. ते मंजूर झाले नाही.

लिंक्सला हीच सविस्तर मान्यता आहे. साहजिकच ‘हे उपकरण मुळातच धोकादायक होते’ असे म्हणणारा दावा बहुधा दारातच अडतो. रुग्णासाठी उरते ती एक अरुंद फट. मान्य झालेल्या आराखड्यापासून उत्पादनच ढळले होते आणि त्यामुळे इजा झाली, हे दाखविता आले तर दावा चालू शकतो. म्हणूनच २०१८ मधील घटना महत्त्वाची ठरते. त्या वर्षी कंपनीने लिंक्सचे काही नग परत मागविले. त्यांतील घटक ठरलेल्या मापात नव्हते आणि मणी शेजारच्या तारेपासून सुटण्याची शक्यता होती. कडे तुटले की आम्ल पुन्हा वर चढू लागते. अशा सदोष गटातील उपकरण शरीरात असलेल्या रुग्णाच्या हाती निदान एक धागा लागतो. ज्याच्या अन्ननलिकेत नीट बनविलेलेच उपकरण घुसले, त्याच्या हाती तोही नाही. दोघांच्या वेदनेत फरक नाही. कायद्यात मात्र तो आहे.

या नियमाचा परिणाम किती उलटा होऊ शकतो, हे त्याच समूहाच्या दुसऱ्या उत्पादनातून दिसते. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा खुब्याचा कृत्रिम सांधा एफडीएकडे सविस्तर तपासणीने नव्हे, तर आधीच्या उपकरणांशी साम्य दाखवून सोप्या मार्गाने मंजूर झाला होता. रिगेलच्या निकालपत्रातच नमूद आहे, की सविस्तर मान्यतेच्या अर्जावर एफडीएचे सरासरी १,२०० तास खर्च होतात. साम्याच्या मार्गाला सुमारे २०. कमी तपासणी झाल्यामुळे एएसआरला ढाल मिळाली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागविण्यात आला आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अंदाजे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली.

एएसआरचा हा मार्ग भारतातूनही गेला. देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता आणि कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रार करण्यापर्यंत पहिले पाऊल उचलले ते महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने. येथे मान्यतेची ढाल आड आली नाही. आड आली ती कायद्यातील पोकळी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सदोष उपकरणाच्या भरपाईची तरतूदच नव्हती. केंद्राने समिती नेमली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरले. कंपनीने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी तिने दाखविली. तोवर मूळ उत्पादन बाजारातून जाऊन जवळपास नऊ वर्षे लोटली होती.

त्यानंतर भारतातील कायदा काहीसा पुढे सरकला आहे. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उत्पादनातील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या मापापासून ढळणे आणि अपुरी सूचना या चारही कारणांवरून दावा करता येतो. कागदावर ही तरतूद रिगेलनंतरच्या अमेरिकेपेक्षा रुग्णाला अधिक जवळची आहे. परंतु तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायच्या वस्तूबाबत उत्पादकाने तज्ज्ञाला पुरेशी सूचना दिली असेल, तर सूचनेअभावीच्या दायित्वातून तो सुटतो. म्हणजे शस्त्रवैद्याला काय सांगितले गेले आणि त्याने रुग्णाला काय सांगितले, यावर निकाल अवलंबून राहणार.

आणि या सगळ्यासाठी पुरावा लागतो. उपकरणाचा प्रकार, आकार आणि गट क्रमांक रुग्णाच्या कागदपत्रांत नसेल, तर सदोष गट परत मागविल्याची बातमी वाचूनही तो आपला आहे की नाही हे कळायचे नाही. शरीरातून काढलेले उपकरण रुग्णालयाने टाकून दिले किंवा थेट कंपनीकडे धाडले, तर दाव्याचा मुख्य साक्षीदारच नाहीसा होतो. शिवाय दाव्याची मुदत बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांची असते, तर मण्याने भिंत झिजवायलाही तेवढाच काळ लागू शकतो.

नव्या उपकरणांचा मार्ग अडवावा, असे यातून कोणी म्हणणार नाही. शंभरांतील नव्वदांची गोळ्यांपासून सुटका होत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. मात्र थोड्यांना इजा होणार हे गृहीत धरूनच मान्यता दिली जात असेल, तर त्या थोड्यांच्या भरपाईची सोयही मान्यतेबरोबरच व्हायला हवी. अमेरिकेने तपासणीची व्यवस्था उभी केली आणि भरपाईचे दार अरुंद केले. भारतात दार उघडे आहे; पण कोणाच्या शरीरात कोणते उपकरण बसविले, याची पक्की नोंद ठेवण्याची सवय अद्याप सर्वत्र रुजलेली नाही. ती नोंद आणि काढलेल्या उपकरणावरील रुग्णाचा हक्क, या दोन गोष्टी बंधनकारक केल्या तरच उघड्या दाराचा उपयोग होईल.