सरड्याचे रंग आणि संध्याकाळचे ऊन

सरड्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या बदनाम केले आहे. पक्ष बदलणारा पुढारी आपल्या लेखी सरडा, बैठकीतला शब्द फिरवणारा व्याहीही सरडा. आणि कुंपणापर्यंतच्या त्याच्या धावेची थट्टा तर म्हणीत बांधून ठेवलेली. पण वाचकहो, रंग बदलण्याच्या विद्येत हा बिचारा आता फारच मागे पडला आहे. तो दिवसभरात जेवढे रंग बदलत नाही, तेवढे त्याचा फोटो छायाचित्रकाराच्या घरी पोहोचल्यावर अर्ध्या तासात बदलतो!

कॅमेरा गळ्यात अडकवून गोरेवाड्याच्या किंवा अंबाझरीच्या बाजूला सायंकाळी हिंडणाऱ्या मंडळींविषयी आम्हांला आदरच आहे. पत्त्यांच्या अड्ड्यापेक्षा हा छंद केव्हाही बरा. शिवाय त्यांनी निवडलेली वेळही अचूक आहे. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा भर दुपारी माणूस कूलरपुढे असतो आणि सरपटणारे प्राणी बिळात नाहीतर कपारीत. या प्राण्यांना अंगची ऊब नसते. ती त्यांना बाहेरून उसनी घ्यावी लागते. ऊन उतरले, पण दगड अजून कोमट आहे, अशा वेळी सरडा दगडावर येऊन बसतो, तळ्याच्या काठाला दिवड बेडकाच्या शोधात निघते, आणि दिवसभर तापलेल्या डांबरी रस्त्यावर एखादा साप अंग शेकायला येतो. मोटारीखाली तो चिरडला जातो, तोही याचमुळे.

मात्र नागपूरची ही सोनेरी वेळ मोठी कंजूष आहे. दिवाळीच्या सुमारास येथे सूर्य पावणेसहाच्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. शिवाय आपल्याकडे तो बराच सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून ६ अंशांवर आल्यापासून बुडेपर्यंत त्याला येथे साधारण २५ मिनिटे पुरतात. लंडनकडे याच प्रवासाला निदान दीडपट वेळ लागतो. तेव्हा विलायती पुस्तकात वाचून ‘सोनेरी तास’ शोधायला जाल, तर नागपुरात तो अर्ध्या तासातच संपलेला आढळेल. पाचच्या ठोक्याला जागेवर जाऊन बसावे, हे उत्तम.

आता या उन्हाचा स्वभाव ध्यानात घ्या, कारण पुढचे सारे त्यावरच आहे. जुने झिजलेले नाणे दिव्यापुढे तिरके धरले की त्यावरची अक्षरे उठून दिसतात. मावळतीचे तिरपे ऊन खवल्यांवर हीच किमया करते. भर दुपारी सपाट वाटणारी पाठ संध्याकाळी खवला नि खवला वेगळा करून दाखवते. सूर्य आपल्या एका बाजूला ठेवावा, कॅमेरा सरड्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा, नेम डोळ्यावरच धरावा. छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवले तर नाकापासून मानेपर्यंत सारे स्पष्ट येते. सूर्य सरड्याच्या पाठीमागे असेल, तर त्याच्या गळ्याची पातळ कातडी कंदिलाच्या काचेसारखी उजळते.

मात्र आकार इतका खरा सांगणारे हे ऊन रंगाच्या बाबतीत सराईत थापाड्या आहे. दुपारच्या प्रकाशाचे रंगमान सुमारे ५५०० केल्व्हिन असते. सूर्य टेकला की ते झपाट्याने उतरते, आणि करडे तपकिरी दिसते, पांढरे पिवळे होते. त्यावर घरी बसून कोणी रंगाचा गडदपणा आणखी वाढवला, म्हणजे सरडा संत्र्यासारखा दिसू लागतो. संत्र्याचा रंग संत्र्यालाच शोभतो, हे निदान नागपूरकरांना तरी सांगायला नको.

‘वाढवला थोडा रंग, तर कोणाचे काय बिघडले?’ असे कोणी विचारील. सरड्यापुरते पाहू. रंग हे त्याचे बोलणे असते. बागेतल्या नराचे डोके आणि गळा विणीच्या दिवसांत लाल होतो, एरवी नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा सरडा गळ्याचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडून मादीला बोलावतो आणि प्रतिस्पर्ध्याला दटावतो. अशा सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ साली नवे नाव दिले, तेही आपल्या मराठीवरून ‘सरडा’ असेच! असा रंग मनाने वाढवणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात आपल्या पदरच्या दोन ओळी घालण्यासारखे आहे.

सापाच्या बाबतीत तर हा प्रकार थट्टेचा राहतच नाही. मण्यार आणि कवड्या यांची गोष्ट घ्या. मण्यार जहाल विषारी. कवड्या बिनविषारी, घरात पाली शोधत फिरणारा. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार निळसर काळी, कवड्या तपकिरी, ही लोकांच्या तोंडची पहिली खूण. पण मण्यार बहुधा काळोख पडल्यावर बाहेर निघते, आणि तिचा फोटो काढला जातो तो अंगणातल्या पिवळ्या दिव्याखाली. त्या दिव्याचे रंगमान जेमतेम २७०० केल्व्हिन, म्हणजे संध्याकाळच्या उन्हापेक्षाही पिवळे. त्या उजेडात काळी मण्यार तपकिरी दिसते. तो फोटो व्हॉट्सॲपवर ‘सुंदर’ होऊन फिरू लागला, की पाहणारा म्हणतो, ‘हा तर कवड्या!’ आणि हात पुढे करतो. उलट, निळसर छटा चढवलेल्या कवड्याच्या फोटोवरून दुसऱ्या गावात बिचाऱ्या कवड्यावर काठ्या पडतात. एका चुकीत माणूस जातो, दुसरीत साप.

येथे तिरपा प्रकाश पुन्हा उपयोगी पडतो. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, षट्‌कोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्याला ती नसते. मण्यारीचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. रंग फसवला तरी या खुणा सहसा फसवत नाहीत. मात्र फोटोवरून ओळख पटली तरी हात लावू नये. आणि कोणाला साप चावलाच, तर फोटोसाठी त्याच्या मागे न धावता थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते.

तेव्हा घरी फोटो सुधारताना काय करावे? प्राणी निघून गेल्यावर त्याच जागी, त्याच उजेडात राखी रंगाचे कार्ड ठेवून एक फोटो घ्यावा. फोटो ‘रॉ’ स्वरूपात घेतलेला असला, तर त्या कार्डावरून खरा रंग परत आणता येतो. संध्याकाळची थोडी ऊब राहू द्यायला हरकत नाही, पण काळा तो काळाच दिसला पाहिजे. अंधार थोडा उजळावा, दाणे कमी करावेत, कडा कातराव्यात, धार माफक ठेवावी. गवताची काडी पुसू नये, आकाश बदलू नये, आणि मूळ फोटो कधीही खोडू नये.

साप काठीने डिवचून त्याची ‘पोझ’ घेणे तर त्याहून वाईट. फणा काढलेला नाग ऐटीत नसतो, घाबरलेला असतो. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळ्यांवर झगझगीत प्रकाश मारला तरी त्याला ते मिटता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला किंवा नागाला पकडणे हा गुन्हाच आहे. जगातही असल्या चलाखीला मान नाही. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या स्पर्धेत २०१७ साली मुंगीखाऊचा एक फोटो गौरवला गेला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांनी निर्वाळा दिला आणि २०१८ साली ते पारितोषिक काढून घेण्यात आले.

तर मंडळी, दिवाळीचा फराळ आटोपून कॅमेरा घेऊन निघालात, तर दोन-तीन मीटर अंतर राखून स्वस्थ बसा. थंडी लागल्यावर हे पाहुणे कमी दिसतील, तेव्हा हीच संधी आहे. सरडा आला तर उत्तम; न आला तर ती २५ मिनिटे डोळ्यांनी पाहा. आणि आलाच, तर रंग बदलायचे काम त्याच्यावरच सोपवा. त्यात त्याचा हात धरणारा अजून कोणी झालेला नाही.